मताविना बारा वर्षं: अलास्काचे अँथनी डायमंड

उत्तररेखा

अलास्काचा विषय निघाला की गप्पा दोन-तीन ठरलेल्या गोष्टींपाशी थांबतात. रशियाकडून १८६७ साली ७२ लाख डॉलरला झालेली खरेदी, सोन्यासाठी उत्तरेकडे लोटलेली माणसं, आणि मग एकदम १९५९ सालचं राज्यपद. मधल्या नव्वद वर्षांबद्दल मराठीत फारच थोडं लिहिलं गेलंय. त्या मधल्या काळातला एक माणूस मला फार मोठा वाटतो, म्हणून हा धागा.

अँथनी जोसेफ डायमंड. जन्म ३० नोव्हेंबर १८८१, न्यूयॉर्क राज्यातल्या पॅलेटाइन ब्रिज नावाच्या छोट्या गावी. तीन वर्षं शाळामास्तर, आणि १९०५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, सोनं शोधायला अलास्कात. तेव्हा मोठी लाट ओसरत आली होती. चांगले ओढे आधी आलेल्यांनी धरले होते. तरी डायमंड तिथे सात वर्षं टिकले. पाठीवर ओझं, हातात कुदळ-फावडं, आणि उन्हाळ्याचे मोजके महिने.

सोनं त्यांना श्रीमंत करू शकलं नाही. बंदुकीच्या अपघातात पायाला जबर इजा झाली आणि डोंगर चढण्या-उतरण्याचं काम कायमचं सुटलं. मग त्यांनी कायद्याची पुस्तकं हाती घेतली. १९१३ मध्ये वकिलीची सनद मिळाली आणि व्हाल्डीझ या बंदराच्या गावी त्यांनी बस्तान बसवलं.

त्याच वर्षी व्हाल्डीझच्या ईशान्येला, रँगल पर्वतापलीकडे चिसाना भागात सोनं सापडल्याची बातमी आली. अलास्कातली ती शेवटची मोठी धावपळ. हजारो माणसं तिकडे धावली, ओंडक्यांच्या झोपड्यांचं गाव रातोरात उभं राहिलं. डायमंड तिथे १९१३-१४ मध्ये सरकारी कमिशनर होते. हे पद मला फार महत्त्वाचं वाटतं. कमिशनर म्हणजे तिथला खालचा न्यायाधीश. सोन्याच्या जमिनीवर कुणाचा दावा कुठून कुठपर्यंत याची नोंद त्याच्याकडे, मेलेल्या माणसाची चौकशी त्याच्याकडे, वारसाची कामं त्याच्याकडे, लग्नंही तोच लावणार. आणि पगार नाही! नोंदणीची, खटल्याची जी फी जमेल त्यावर पोट. सात वर्षं जो माणूस स्वतः दाव्याच्या खुंट्या ठोकत हिंडला, त्याच्यासमोर आता त्या खुंट्यांवरून भांडणारी माणसं उभी राहत होती. प्रदेशाचा कारभार किती तुटपुंजा आहे आणि वॉशिंग्टन किती लांब आहे, हे त्या टेबलामागे बसून जेवढं कळलं असेल तेवढं दुसरीकडे कुठे कळलं नसतं.

पुढचा प्रवास भराभर सांगते. १९२०-२२ आणि मग १९२५-३२ व्हाल्डीझचे महापौर. त्याच दशकात दोनदा जूनोच्या प्रादेशिक सिनेटमध्ये. आणि १९३२ च्या निवडणुकीत जेम्स विकरशॅम या मातब्बर माणसाला हरवून अलास्काचे प्रतिनिधी म्हणून वॉशिंग्टनला.

आता मुख्य मुद्दा. अलास्का हा 'प्रदेश' होता, राज्य नव्हतं. त्यामुळे काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, त्याचा एकच प्रतिनिधी, आणि त्याला मत नाही. भाषण करता येईल, विधेयक मांडता येईल, समितीत बसता येईल. मतदानाची वेळ आली की गप्प राहायचं. अध्यक्षाच्या निवडणुकीतही अलास्काच्या लोकांना मत नव्हतं, आणि गव्हर्नर वॉशिंग्टनहून नेमला जायचा. डायमंड मार्च १९३३ ते जानेवारी १९४५ अशी सुमारे बारा वर्षं या खुर्चीवर होते. या बारा वर्षांत त्यांनी काय काय केलं, कुठे जिंकले आणि कुठे हरले, त्यावर बोलूया. माझं मत आधीच सांगून टाकते: हरलेल्या लढायांसाठीसुद्धा या माणसाची आठवण ठेवायला हवी.

काजवा

वा! हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. वाचतोय. पुढचं लवकर येऊ द्या.

घुग्घुसकर

रेखाताई, सुरेख सुरुवात. आमचं सगळं घर कोळशाच्या खाणीवर वाढलेलं, म्हणून एक विचारतो. सोन्याची खाण म्हणजे भुयार खणून आत जायचं, की नदीचा गाळ धुवायचा? आणि जमीन गोठलेली असताना फावडं चालतं तरी कसं?

उत्तररेखा

@घुग्घुसकर, नेमका प्रश्न. अलास्कात दोन्ही होतं, पण एकट्यादुकट्या माणसाच्या आवाक्यातलं काम म्हणजे गाळातलं सोनं.

आतल्या भागात, फेअरबँक्सच्या बाजूला, जमीन बारा महिने गोठलेली. तिथे हिवाळ्यातच खणत. रात्री लाकडं रचून जाळ करायचा, सकाळी जेवढी माती सैल झाली तेवढी उपसायची, पुन्हा जाळ. असं हातभर हातभर खाली जात खडकापर्यंत पोचायचं, कारण सोनं जड, ते तळाशी खडकालगत बसतं. वर एकजण रहाट फिरवून बादल्या ओढतो. वसंतात पाणी सुटलं की हिवाळाभर साठवलेला मातीचा ढीग लाकडी पन्हळीतून धुवायचा. पन्हळीच्या तळाला आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. दगडगोटे वाहून जातात आणि सोनं त्या पट्ट्यांमागे अडकतं. सहा-सात महिन्यांच्या कष्टाची किंमत त्या थोड्या दिवसांत कळायची. बऱ्याचदा ती दुकानदाराची उधारी फेडण्यापुरतीच निघायची.

व्हाल्डीझच्या मागच्या डोंगरांत, चिसाना किंवा निझिना बाजूला, ओढ्यांचा गोटाड थर उथळ. तिथे उन्हाळ्यात बांध घालून पाणी वळवायचं, मोठे धोंडे पहारीने बाजूला लोटायचे आणि उरलेलं धुवायचं. पुढे निझिनाच्या खोऱ्यात कंपन्या आल्या आणि जाड नळांतून पाण्याचा मारा करून अख्खे काठ पाडायला लागल्या. पहार घेऊन काम करणारा माणूस त्या शर्यतीत टिकणार कसा?

घुग्घुसकर

धन्यवाद. आता चित्र डोळ्यांपुढे आलं. उधारीचं वाचून गलबलून आलं. खाण कुठलीही असो, दुकानदाराची वही सगळीकडे सारखीच.

सिंहगडी

मस्त धागा. पण एक शंका. मतच नाही तर त्या प्रतिनिधीचा उपयोग काय? बारा वर्षं नुसती भाषणंच ना? आपल्याकडे मत असलेले खासदारही मतदारसंघासाठी फार काही आणू शकत नाहीत, मग हा काय करणार?

उत्तररेखा

@सिंहगडी, मत नसलेल्या माणसाला प्रत्येक गोष्ट दुसऱ्याला पटवूनच करून घ्यावी लागते. सगळा फरक तिथे पडतो. संरक्षणाचं प्रकरण बघा.

डायमंड १९३४ पासून सांगत होते की जपान आणि अमेरिका यांच्यातला सगळ्यात जवळचा रस्ता अल्युशियन बेटांवरून जातो, आणि तिथे संरक्षण म्हणून काही नाही. हे अक्षरशः खरं होतं. १९४० पर्यंत सगळ्या अलास्कात लष्कराचं एकच ठाणं होतं, हेन्सजवळचं चिलकूट बॅरेक्स. काही शे पायदळ, तेही आग्नेय कोपऱ्यात. हवाई बेटांना पैसा मिळत होता, अलास्काला नाही. १९३५ साली फ्लोरिडाचे सदस्य विलकॉक्स यांनी हवाई तळांचं विधेयक आणलं, तेव्हा तळांच्या यादीत अलास्काही घेतला गेला. समितीपुढे जनरल बिली मिचेल यांनीही अलास्काचं महत्त्व ठासून सांगितलं. कायदा झाला, पण पैसे आले नाहीत. डायमंड वर्षानुवर्षं तेच मागत राहिले. १९४० च्या वसंतातसुद्धा अँकरेजच्या तळाची रक्कम सभागृहाच्या समितीने कापली होती. मग एप्रिलमध्ये जर्मनीने डेन्मार्क-नॉर्वेवर चाल केली आणि उत्तरेचं महत्त्व सगळ्यांना एकदम कळलं. जूनमध्ये अँकरेजला काम सुरू झालं.

दोन वर्षांनी, ३ आणि ४ जून १९४२ रोजी, जपानी विमानांनी अल्युशियनमधल्या डच हार्बर बंदरावर बॉम्ब टाकले. त्याच आठवड्यात किस्का आणि अट्टू ही बेटं जपानने घेतली. अट्टू परत घ्यायला मे १९४३ उजाडला, आणि त्या लढाईत ५४९ अमेरिकन सैनिक मेले. जपानी तुकडीतले तर जवळजवळ सगळेच. डायमंड यांचं वेळेवर ऐकलं असतं तर हे सगळंच टळलं असतं असा दावा मी करणार नाही. पण जो माणूस सात-आठ वर्षं आधीपासून नकाशा दाखवून सांगत होता, त्याच्या हाती एक मत नव्हतं, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

पावशा

सिअ‍ॅटलहून लिहितोय, त्यामुळे या बाजूचं थोडं. जुन्या अलास्कावासीयांशी बोललात तर त्यांचा सगळ्यात जुना राग आमच्या गावावर असतो. १९२० च्या जोन्स कायद्याने अलास्काची मालवाहतूक जवळजवळ सिअ‍ॅटलच्या आगबोटींच्या ताब्यात गेली. बटाट्यापासून खिळ्यांपर्यंत सगळं इथून जाणार, भाडं इथले ठरवणार.

त्याहून मोठं दुखणं म्हणजे सामन मासा. नद्यांच्या तोंडाशी आणि किनाऱ्यालगत खांब रोवून जाळ्यांचे प्रचंड सापळे लावलेले असत. अंडी घालायला नदीकडे परतणारा मासा किनारा धरून येतो, जाळ्याच्या भिंतीला अडतो, तिच्या कडेने खोल पाण्याकडे वळतो आणि बरोबर पिंजऱ्यात शिरतो. सापळ्याला होडी नको, कोळी नको. एक राखणदार पुरे. बहुतेक सापळे सिअ‍ॅटल-सॅन फ्रान्सिस्कोच्या डबाबंद कंपन्यांचे. नफा इकडे यायचा, तिथल्या कोळ्याच्या हाती काही लागत नसे. डायमंड यांनी हे सापळे बंद करण्याची विधेयकं पुन्हा पुन्हा मांडली आणि ती प्रत्येक वेळी समितीत अडकली. कंपन्यांचे वकील वॉशिंग्टनमध्ये बसलेले, आणि त्यांच्या राज्यांच्या सदस्यांना मत होतं. शेवटी १९५९ मध्ये राज्य झाल्या झाल्या सापळे गेले. लोकांनी संविधानाबरोबरच त्यावर कौल दिला होता.

उत्तररेखा

@पावशा, फार मोलाची भर घातलीत. याला तांब्याची जोड देते, म्हणजे डायमंड यांच्या डोक्यात हे कुठून आलं ते दिसेल.

ते अलास्कात आले त्या काळात व्हाल्डीझची सगळी आशा रेल्वेवर होती. आत केनेकॉटला तांब्याचा अफाट साठा सापडला होता आणि तो गुगेनहाइम-मॉर्गन यांच्या सिंडिकेटने घेतला. रेल्वे कुठल्या बंदरापासून न्यायची यावरून झुंज लागली. १९०७ मध्ये कीस्टोनच्या घळीत दोन रेल्वेंच्या माणसांत गोळीबारही झाला. अखेर सिंडिकेटने कॉर्डोव्हा निवडलं. १९६ मैलांची लाइन १९११ मध्ये पुरी झाली आणि व्हाल्डीझ बसत गेलं. डायमंड महापौर होते तेव्हा गावात जेमतेम चार-पाचशे माणसं उरली होती. केनेकॉटमधून १९३८ पर्यंत सुमारे २० कोटी डॉलरचं तांबं निघालं. मग साठा संपला, कंपनी निघून गेली, रेल्वे बंद झाली. रिकाम्या लाल इमारती आजही उभ्या आहेत.

तांबं गेलं, मासा चालला होता, आणि दोन्हींवर निर्णय घेणारं कुणीच अलास्कात राहत नव्हतं. डायमंड यांच्या राजकारणाचं मूळ मला इथे दिसतं. त्यांना मोठ्या भांडवलाचा द्वेष होता असं नाही. या प्रदेशात जे निघतं त्यातलं काही इथे राहिलं पाहिजे आणि ते किती हे इथल्या माणसांनी ठरवलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. १९४३ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी सभागृहात राज्यपदाचं विधेयक मांडलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लँगर आणि मॅकॅरन या सिनेटरांनी सिनेटमध्ये तसंच मांडलं होतं.

म्हापशेकार

गोव्याहून नमस्कार. 'प्रदेश', 'खाण' आणि 'राजकारण' हे तीन शब्द एकत्र वाचले की आमच्या मनात एकच नाव येतं, भाऊसाहेब बांदोडकर. खाणमालक, आणि १९६३ मध्ये गोवा, दमण आणि दीव या केंद्रशासित प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री. पण तुमचा धागा वाचताना फरकच जास्त जाणवला. भाऊ खाणीचे मालक होते, हातात सत्ता होती, आणि आमच्या खासदारांना लोकसभेत मतही होतं. डायमंड खाणीत राबलेले, आणि हात वर करायचाही अधिकार नाही.

एक साम्य मात्र आहे. प्रदेशाला पूर्ण राज्य व्हायला किती वर्षं थांबावं लागतं! आम्हाला १९८७ पर्यंत थांबावं लागलं. ज्यांनी सुरुवात केली त्यांच्यातले कितीतरी ते बघायला उरले नाहीत. भाऊ १९७३ मध्येच गेले. डायमंड यांनी राज्य झालेलं पाहिलं का?

उत्तररेखा

@म्हापशेकार, नाही पाहिलं. १९४४ मध्ये त्यांनी पुन्हा निवडणूक लढवली नाही. जानेवारी १९४५ पासून ते अँकरेजला तिसऱ्या न्यायिक विभागाचे न्यायाधीश झाले आणि २८ मे १९५३ रोजी, त्या पदावर असतानाच, गेले. राज्यपदाचा कायदा सही झाला ७ जुलै १९५८ ला, राज्य झालं ३ जानेवारी १९५९ ला. साडेपाच वर्षांचं अंतर.

पण धागा तुटला नाही. त्यांचे एकेकाळचे सचिव बॉब बार्टलेट त्यांच्या जागी प्रतिनिधी झाले आणि राज्यपद मिळेपर्यंत तेच लढत राहिले. पुढे अलास्काच्या पहिल्या दोन सिनेटरांपैकी एक झाले. आणि डायमंड यांचा मुलगा जॉन नव्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या तीन न्यायाधीशांत होता.

रानवाटा

लेख आणि चर्चा दोन्ही उत्तम. पण इतकं कौतुक चाललंय म्हणून दोन अवघड गोष्टी विचारते. 'इथल्या माणसांनी ठरवावं' म्हणताना 'इथली माणसं' म्हणजे कोण? सोन्यासाठी आलेले गोरे, की हजारो वर्षं तिथे असलेले त्लिंगिट, हैडा आणि अल्युशियन बेटांवरचे उनांगन? आणि दुसरं, युरोपातल्या निर्वासितांना अलास्कात वसवायची योजना आली होती, तेव्हा डायमंड कुठे उभे होते?

उत्तररेखा

@रानवाटा, हे प्रश्न यायलाच हवे होते.

पहिल्याबद्दल. डायमंड यांनी पुढे नेलेल्या विधेयकातून १९३५ चा कायदा आला, ज्याने त्लिंगिट आणि हैडा लोकांना आपल्या गेलेल्या जमिनींसाठी अमेरिकी सरकारवर दावा लावण्याचा हक्क मिळाला. तोवर तो हक्कही नव्हता. त्लिंगिट वकील विल्यम पॉल त्यामागे झटत होते. प्रादेशिक विधिमंडळात निवडून आलेले ते पहिले मूलनिवासी. दावा १९६८ पर्यंत रखडला आणि शेवटी ७५ लाख डॉलर मिळाले. गेलेल्या जमिनीच्या मानाने ते काहीच नाही, पण दार तिथून उघडलं.

युद्धात मात्र मूलनिवासींवर जे गुदरलं ते भयंकर होतं. अट्टूची माणसं जपान्यांनी होक्काइडोला नेली, त्यातली कितीतरी परतली नाहीत. आणि खुद्द अमेरिकी सरकारने ८८१ उनांगन माणसांना बेटांवरून उचलून आग्नेय अलास्कातल्या पडक्या डबाबंद कारखान्यांत आणि जुन्या खाणीच्या छावणीत ठेवलं. धड पाणी नाही, औषध नाही. दहातला एक तिथेच गेला. ज्यांच्या बेटांसाठी संरक्षण मागितलं जात होतं त्यांनाच हे भोगावं लागलं.

दुसऱ्याबद्दल. १९४० मध्ये किंग-हॅवेनर विधेयक आलं. युरोपातल्या निर्वासितांना, त्यात ज्यूंनाही, नेहमीच्या कोट्याबाहेर अलास्कात वसवायचं असा त्याचा गाभा होता. डायमंड यांनी विरोध केला. अलास्कातल्या व्यापारी मंडळांचा विरोध होता, गव्हर्नर ग्रूनिंग यांचाही होता. अलास्काला दुय्यम दर्जाच्या वसाहतीसारखं वापरू नका, हा त्यांचा युक्तिवाद मी समजू शकते. बारा वर्षं ते त्याच गोष्टीविरुद्ध लढत होते. तरीही १९४० साली युरोपात दार ठोठावणाऱ्या माणसांपुढे तो युक्तिवाद मला तोकडा वाटतो. विधेयक समितीतच मेलं. इथे डायमंड चुकले असं माझं स्पष्ट मत आहे आणि त्यांच्याबद्दलच्या आदरापोटी मी ते झाकणार नाही.

रानवाटा

सरळ उत्तराबद्दल आभार. उनांगन छावण्यांवर कुणीतरी वेगळा धागा काढावा. त्या लोकांना सरकारने नुकसानभरपाई आणि माफी १९८८ मध्ये दिली, म्हणजे तब्बल सेहेचाळीस वर्षांनी.

जुना वाचक

उत्तम धागा, मुख्य पानावर आणण्याजोगा. एक विचारायचं राहिलं. आज तिकडे त्यांची काही आठवण आहे का, की फक्त इतिहासाच्या पुस्तकात?

उत्तररेखा

@जुना वाचक, आहे तर. ३० नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस अलास्कात 'अँथनी डायमंड दिन' म्हणून पाळतात. अँकरेजच्या एका मोठ्या हायस्कूलला त्यांचं नाव आहे. व्हाल्डीझची गोष्ट वेगळी. २७ मार्च १९६४ च्या ९.२ तीव्रतेच्या भूकंपात बंदराच्या धक्क्याजवळची जमीन समुद्रात गेली, तिथे बोटीवरचा माल उतरवून घेणारी माणसं गेली आणि गाव राहण्याजोगं उरलं नाही. मग सगळं गावच चार मैल पलीकडे हलवलं. डायमंड यांनी जिथे महापौर म्हणून काम केलं ते व्हाल्डीझ आता फक्त पायाच्या खुणांपुरतं आहे.

@रानवाटा, छावण्यांचा धागा मी काढते. बेरिंग समुद्रातल्या प्रिबिलोफ बेटांवरच्या सीलच्या व्यापारापासून सुरू करावा लागेल, कारण त्या लोकांना युद्धाच्या मध्यातच पुन्हा सील मारायला बेटांवर नेलं होतं, आणि ते का नेलं हे समजल्याशिवाय पुढचं नीट मांडता येणार नाही.

काजवा

नक्की काढा. वाट बघतोय. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.